हा इथे आला कसा? दूरच्या बेटांवरचे कोळी आणि इतर चिमुकले जीव शोधण्यासाठी, ओळखण्यासाठी

दूरच्या बेटावर उतरल्यावर पहिल्या दिवशी नमुने ठेवायची एकही कुपी उघडू नका. नव्या लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. एवढा समुद्र ओलांडून आल्यावर हात शिवशिवतात, हे मलाही माहीत आहे. पण पहिला दिवस नुसता बघण्याचा ठेवा. किनाऱ्यावरच्या दगडांखाली कोण आहे, झाडांच्या खोडांवर कोण आहे, वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर जाळी दिसतात का, आडोशाला जास्त दिसतात का, माणसांच्या वस्तीपाशी कोण आहे आणि आत रानात कोण आहे, हे वहीत उतरवून घ्या. पुढचे सगळे दिवस या वहीवर चालतात.

कोळी दिसला की आपण सहसा विचारतो, "हा कोणता?" बेटावर त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न लागतो: "हा इथे आला कसा?" वाऱ्यावर आला, लाकडाच्या ओंडक्यावर बसून आला, जहाजातल्या खोक्यातून आला, की बेट जमिनीपासून तुटलं तेव्हा आधीपासूनच इथे होता? हा प्रश्न विसरलात तर तुम्ही जगभर फिरणाऱ्या एखाद्या घरगुती कोळ्याला "नवी जाती" समजून बसाल. उलट, जगात फक्त त्या एका दरीत राहणारा जीव हातात असूनही "नेहमीचाच असेल" म्हणून सोडून द्याल.

निघण्याआधी बेटाचा जन्म समजून घ्या

बेटं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. हवाई, कॅनरी, सेंट हेलेना ही ज्वालामुखीने समुद्रातून वर काढलेली बेटं. ती कुठल्याही खंडाला कधीच जोडलेली नव्हती, त्यामुळे तिथल्या प्रत्येक जिवाच्या पूर्वजाला समुद्र ओलांडावाच लागला. दुसरा प्रकार मादागास्कर, न्यूझीलंड, सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं यांचा. ही जुन्या महाखंडाची तुटलेली शकलं आहेत आणि तिथे काही फार प्राचीन घराणी टिकून आहेत. तिसरा प्रकार किनाऱ्याजवळच्या बेटांचा. शेवटचं हिमयुग ओसरलं, समुद्राची पातळी वाढली आणि ही बेटं मुख्य भूमीपासून सुटी झाली. तिथले प्राणी बरेचसे समोरच्या किनाऱ्यासारखेच असतात.

ही विभागणी कामाला येते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला कांगारू बेट आहे. ते तिसऱ्या प्रकारचं, मुख्य भूमीपासून अलीकडेच तुटलेलं. तिथे मॉग्रिजिया रेनबोई नावाचा, बिळाला झाकण करून राहणारा छोटा कोळी सापडतो. त्याचे जवळचे भाऊबंद मात्र आफ्रिकेत! खंड फुटले तेव्हाच हे दोघे वेगळे झाले असावेत, असा सरळ तर्क कुणीही करेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने वेगळंच दाखवलं. दोघांची फारकत २० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची निघाली, म्हणजे खंड फुटल्यानंतर कितीतरी काळाने. या कोळ्याचे पूर्वज हिंदी महासागर ओलांडून आले, बहुधा झाडाझुडपांसकट वाहून गेलेल्या मातीच्या ढेकळावर बसून. बिळाबाहेर फारसा न पडणारा कोळी महासागर पार करतो, हे मला आजही थक्क करतं.

वाऱ्यावरून येणाऱ्यांची गोष्ट जास्त नेहमीची आहे. लहान कोळी गवताच्या टोकावर चढतो, पाय ताठ करून उदर वर उचलतो, धागा सोडतो आणि उडून जातो. १८३२ मध्ये डार्विनचं बीगल जहाज ला प्लाटा नदीच्या मुखाजवळ, किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर असताना दोरखंडांवर हजारो चिमुकले तांबूस कोळी येऊन उतरले होते. हवेतल्या विद्युतक्षेत्राचाही या उड्डाणाला हातभार लागतो, हे ब्रिस्टलमधल्या प्रयोगांतून २०१८ मध्ये समोर आलं. वारा पूर्ण बंद असलेल्या पेटीत नुसतं विद्युतक्षेत्र सुरू केलं तरी कोळी उचलले जात होते. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाला आणि बेटावरचं सगळं राखेखाली गेलं. नऊ महिन्यांनी तिथे पोहोचलेल्या एदमाँ कोतो या फ्रेंच प्रवाशाला सगळीकडे शोधून एकच जीव दिसला: जाळं विणत बसलेला एक अगदी बारीक कोळी.

मात्र सगळीच कुळं उडत नाहीत. बिळात राहणारे जड कोळी सहसा धाग्यावर प्रवास करत नाहीत. त्यामुळे ज्वालामुखी बेटावर असा कोळी दिसला तर थांबा. कुणी आणला का, याची चौकशी आधी करा.

निघण्याआधीच्या कागदी कामाला मी निदान महिनाभर देतो. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग ही स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातून चालवली जाणारी यादी सर्वांना खुली आहे. जगातल्या सगळ्या वैध कोळी जाती त्यात आहेत. २०२२ मध्ये हा आकडा ५०,०००च्या पुढे गेला. नोंदणी केली की जुने मूळ लेखही तिथून उतरवून घेता येतात. त्यावरून तीन याद्या करा: त्या बेटावर आधी नोंदलेल्या जाती, शेजारच्या बेटांवरच्या जाती, आणि वारा व सागरी प्रवाह ज्या दिशेने येतात त्या बाजूच्या भूभागावरच्या जाती.

चौथी यादी नवशिके विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगाची. ती आहे माणसांबरोबर जगभर फिरणाऱ्या कोळ्यांची. हेटेरोपोडा वेनाटोरिया हा भिंतीवर पसरून बसणारा मोठा, चपटा कोळी, प्लेक्सिपस पायकुल्ली आणि हसारिअस ॲडॅन्सोनी हे उड्या मारणारे कोळी, असे आठ-दहा चेहरे आधी पाठ करा. उष्ण प्रदेशातल्या कुठल्याही बंदराच्या गावात यांच्यापैकी कुणीतरी भेटतंच. पालापाचोळ्यात ट्रायेरिस स्टेनॅस्पिस नावाचा जेमतेम दोन मिलिमीटरचा केशरी कोळी मिळू शकतो. त्याच्या फक्त माद्याच माहीत आहेत. नराशिवाय वीण होत असल्याने कुंडीतल्या मातीबरोबर एक मादी पोहोचली तरी सगळी वसाहत उभी राहते.

आता परवाने. संकलनाचा परवाना वेगळा, संरक्षित क्षेत्रात जाण्याचा वेगळा आणि नमुने देशाबाहेर नेण्याचा वेगळा. जैविक साधनांवर त्या त्या देशाचा हक्क मानणारा नागोया करार २०१० मध्ये झाला आणि २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय आणलेला नमुना जबाबदार नियतकालिकं आणि संग्रहालयं स्वीकारत नाहीत, म्हणजे सगळी मेहनत फुकट जाते. अर्जाच्या वेळीच तिथल्या एखाद्या अभ्यासकाला बरोबर घ्या. तो नुसता वाटाड्या नसतो. कोणत्या ओढ्यात कधी पाणी असतं आणि कुठल्या कड्यावर कुणी अजून शोधलेलं नाही, हे त्यालाच माहीत असतं.

पिशवीत काय असावं

फार सामान लागत नाही. झाकणाच्या छोट्या कुप्या (वाटतात त्याच्या दुप्पट), मऊ टोकाचा चिमटा, लहान कुंचला, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरं कापड किंवा उलटी छत्री, पालापाचोळा चाळायला जाड जाळीची चाळण, पांढरा ट्रे, डोक्याला बांधायचा दिवा, पाणी फवारायची बाटली, जाड कागद आणि पेन्सिल. तोंडाने हवा ओढून बारीक जीव नळीत घ्यायचं साधनही घ्या, पण नळीच्या आत बारीक कापडाची गाळणी नीट बसवा, नाहीतर कोळी थेट तोंडात येतो.

अल्कोहोल दोन प्रकारचं न्या. ७० ते ८० टक्क्यांचं अंगरचना बघायच्या नमुन्यांसाठी. त्यात पाय लवचीक राहतात. ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल डीएनएसाठी. त्यात शरीर कडक होऊन पाय तुटतात, म्हणून मी सहसा एक-दोन पाय तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवतो आणि बाकीचा कोळी सौम्य अल्कोहोलमध्ये. दोन्ही कुप्यांवर एकच क्रमांक हवा.

सामान भरण्याआधी ते साफ करा. बुटांच्या तळव्यांत अडकलेली माती, पिशवीच्या शिवणीतलं बी, तंबूच्या घडीत झोपलेली मुंगी, यातली कुठलीही गोष्ट बेटाचा घात करू शकते. १९७० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या सोसायटी बेटांवर आफ्रिकन गोगलगायींना आवर घालायला युग्लँडिना रोझिआ ही शिकारी गोगलगाय मुद्दाम आणली गेली. तिने तिथल्या पार्ट्युला गोगलगायी खाऊन टाकल्या. मोरेआ बेटावरच्या पार्ट्युला दहा-एक वर्षांत रानातून नाहीशा झाल्या. ती गोगलगाय विचार करून आणली होती, आणि तरी हे झालं. आपण तर नकळत आणू. मी बुटांचे तळवे दाताच्या ब्रशने घासतो, आणि एका बेटावरून शेजारच्या बेटावर जातानाही तेवढ्याच काळजीने घासतो.

शोधायचं कसं

जाळी बघायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे सकाळ, दव असतानाची. दव नसेल तर फवारणीची बाटली काढा. न दिसणारं जाळं थेंबांनी उजळून निघतं. जाळ्याचा फोटो कोळ्याला हात लावण्याआधी घ्यायचा. गोल चाकासारखं, चादरीसारखं पसरलेलं की नुसता धाग्यांचा गुंता, यावरून कुळाचा अंदाज बांधता येतो, आणि कोळी कुपीत गेल्यावर ही माहिती कायमची जाते.

मग झुडपं. फांदीखाली पांढरं कापड धरा आणि काठीने फांदीवर दोन-तीन ठणठणीत फटके मारा. फांदी मोडायची नाही. पडलेले जीव क्षणभर निपचित राहतात, मग पळतात, म्हणून कुपी आधीच हातात तयार ठेवा. गवतात किडे पकडायची कापडी जाळी फिरवा. पालापाचोळा चाळणीतून ट्रेमध्ये चाळा आणि ट्रे निदान पाच मिनिटं नुसता बघत बसा. पहिल्या मिनिटात मुंग्या आणि मोठे किडे हलतात. बारीक कोळी, छद्मविंचू (नांग्या असलेले पण शेपटी नसलेले बारीक जीव) आणि उड्या मारणारे स्प्रिंगटेल नंतर चालू लागतात. दोन मिनिटांत ट्रे झटकून टाकणारा माणूस बेटावरचे निम्मे जीव झटकून टाकतो, कारण बेटावरच्या खास जाती बहुतेकदा याच पालापाचोळ्यात असतात.

रात्र चुकवू नका. दिवा डोक्याला, डोळ्यांच्या उंचीवर बांधा आणि जमिनीकडे बघत चाला. जमिनीवर फिरून शिकार करणाऱ्या लांडगा कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात. गवतात दवबिंदू चमकतायत असं वाटतं, पण दवबिंदू चालत नाहीत. दिवसा रिकामी दिसणारी खोडं रात्री भरलेली असतात. हवाईतल्या लांब जबड्यांच्या टेट्राग्नाथा कोळ्यांचा एक मोठा गट असाच रात्री फिरतो.

एक जुनी युक्ती सांगतो. कुंभारीण माशीची मातीची घरटी शोधा. ती कोळ्यांना डंख मारून बधिर करते आणि पिल्लांच्या शिदोरीसाठी त्या कोठड्यांत भरून ठेवते. सोडून दिलेलं किंवा पडलेलं एखादं घरटं उघडलं तर झाडाच्या शेंड्यावर राहणारे, आपल्या हाती कधी न लागणारे कोळी एकाच जागी मिळतात. मात्र हीही नोंद "कुंभारिणीच्या घरट्यातून" अशीच करायची. तो कोळी मुळात कुठे राहत होता, ते आपल्याला दिसलेलं नसतं.

जमिनीत पुरायच्या पेल्यांच्या सापळ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. पेल्याची कड जमिनीशी अगदी समतल ठेवली तर चालणारे जीव त्यात पडतात आणि मोजणीसाठी हे उत्तम आहे. पण लहान बेटावर एखाद्या जातीचे थोडेच जीव उरलेले असू शकतात, आणि द्रवाने भरलेला पेला रात्रंदिवस भेदभाव न करता मारत राहतो. अशा ठिकाणी कोरडे पेले लावा, रोज सकाळी रिकामे करा, हवे तेवढेच ठेवून बाकीचे सोडा. पेल्यावर जाळी बसवा, नाहीतर खेकडे आणि सरडे आत उतरून सगळं फस्त करतात. निघताना प्रत्येक पेला मोजून बाहेर काढा. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीत तर जमिनीखाली बिळंच बिळं असतात. तिथे पाय टाकला की छप्पर कोसळून पिल्लू आत गाडलं जातं. ठरलेल्या वाटेवरूनच चाला.

किती पकडायचे? एका ठिकाणाहून एका जातीचे दोन-तीन नर, दोन-तीन माद्या मला पुरेशा वाटतात. एकच दिसला आणि बेट इवलंसं असेल, तर फोटो, एक पाय आणि जागेची नोंद घेऊन त्याला सोडण्याचाही विचार करा. माडेराजवळच्या डेझेर्टा ग्रांदे बेटावर होग्ना इन्जेन्स हा मोठा लांडगा कोळी फक्त एका दरीत राहतो. अशा ठिकाणी प्रत्येक मादीचा हिशेब असतो.

चिठ्ठी

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि लोक इथेच चुकतात. चिठ्ठी कुपीच्या आत जायला हवी. बाहेर चिकटवलेली निघते, आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या पहिल्या मोहिमेतल्या अकरा कुप्या मी अशाच घालवल्या. परत आलो तेव्हा आत फिकट निळं पाणी, कोरा कागद आणि सुंदर जपलेले कोळी होते. ते कोळी आजही माझ्याकडे आहेत आणि कुणाच्याच कामाचे नाहीत. तेव्हापासून साधी पेन्सिल आणि जाड कागद.

चिठ्ठीवर देश, बेट, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, पकडण्याची पद्धत, अधिवास आणि पकडणाऱ्याचं नाव हवं. तारखेतला महिना रोमन अंकात लिहा. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळ मग होत नाही. "जंगल" असं लिहू नका. "नेच्याच्या पानाखाली, जमिनीपासून एक मीटर, रात्री" असं लिहा. रंगही तेव्हाच वहीत उतरवा. हिरवा कोळी अल्कोहोलमध्ये काही दिवसांत पिवळट पांढरा होतो.

टेबलावर आल्यावर

आधी मोठी वाटणी करा. आठ पाय आणि अंगाचे दोन भाग, मध्ये बारीक कंबर, तर कोळी. आठ पाय पण कंबर नाही, सगळं अंग एक गोळा आणि पाय लांबच लांब, तर तो कोळी नव्हे, ओपिलिओनिस गणातला जीव. विंचवासारख्या नांग्या पण शेपटी नाही आणि आकार तांदळाच्या कणीएवढा, तर छद्मविंचू. सहा पाय म्हणजे कीटक किंवा स्प्रिंगटेल. पायांच्या अनेक जोड्या असतील तर अंगाच्या बहुतेक वळ्यांवर एकेक जोडी असलेली गोम आणि दोन-दोन जोड्या असलेला पैसा. गोगलगायी वेगळ्या ठेवा आणि रिकामे शंखही टाकू नका. नाहीशा झालेल्या जातींचा कित्येकदा तेवढाच पुरावा उरतो.

कोळ्यांत पहिली खूण डोळ्यांची. पुढे मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे म्हणजे उड्या मारणारा कोळी. खाली चार बारीक, वर दोन मोठे आणि मागे दोन म्हणजे लांडगा कोळी. आठऐवजी सहाच डोळे दिसले तर मोजकीच कुळं उरतात. मग जबडे बघा. त्यांच्या टोकाचे विळ्यांसारखे दात समांतर, वरून खाली येणारे असतील तर बिळातल्या जुन्या घराण्यातला, चिमट्यासारखे एकमेकांसमोर येत असतील तर बाकीच्या मोठ्या गटातला. नंतर पायांच्या टोकाला नख्या दोन की तीन, आणि मागच्या धागा काढणाऱ्या अवयवांची लांबी. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून फिरते, तर काही कुळांतल्या माद्या ती जबड्यात धरतात. रानात हे दिसलं असेल तर वहीत सापडेलच.

इथवर जगातल्या कुठल्याही पुस्तकातल्या किल्ल्या, म्हणजे एकेका खुणेवरून नावापर्यंत नेणारे तक्ते, चालतात. बेटावर त्या मधेच दगा देतात. टेट्राग्नाथा म्हणजे लांब जबड्यांचे, पाण्याकाठी गोल जाळं विणणारे कोळी, अशी जगभर ओळख. हवाईत मात्र त्यांच्या एका गटाने जाळं विणणंच सोडलं आणि पायांवर लांब काटे घेऊन शिकार सुरू केली. त्यांत पानांवर राहणारे हिरवे, शेवाळावरचे तांबडे, खोडांवरचे तपकिरी असे प्रकार आहेत. एका बेटावरचा हिरवा कोळी दुसऱ्या बेटावरच्या हिरव्याचा सख्खा भाऊच असेल असं नाही. काही वेळा तो आपल्याच बेटावरच्या तपकिरी कोळ्याच्या जास्त जवळचा निघतो. रंग दोनदा, स्वतंत्रपणे तयार झालेला असतो. म्हणून बेटावर रंगावरून आणि आकारावरून नातं ठरवू नका. त्याच हवाईत काही पतंगांच्या अळ्या पानं खायच्या सोडून माश्या पकडतात, आणि काउआई बेटावरच्या लाव्हाच्या गुहांत एक लांडगा कोळी आहे, ॲडेलोकोसा ॲनॉप्स. त्याला डोळेच नाहीत. डोळ्यांच्या मांडणीवरून ओळखल्या जाणाऱ्या कुळातला बिनडोळ्यांचा कोळी! बेटावर एखादी खूण हरवलेली, वाढलेली किंवा फिरलेली असू शकते, हे धरूनच किल्ली वाचायची.

जात ठरते ती प्रौढ कोळ्याच्या जननेंद्रियांवरून. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांची टोकं, ज्यांना स्पर्शपाद म्हणतात, गुंतागुंतीची झालेली असतात. काटे, वळ्या, चमचे, प्रत्येक जातीत वेगळे. मादीच्या उदराखाली, पुढच्या बाजूला कडक पट्टीसारखा भाग असतो (काही जुन्या कुळांत तो बाहेरून दिसत नाही). हा भाग सोडवून, लवंग तेलात किंवा लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पिल्लं बहुतेकदा जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. ज्या नराचे स्पर्शपाद मुठीसारखे फुगलेले पण गुळगुळीत आहेत, तो एक कात टाकायचा बाकी असलेला. त्याला मारू नका. ओलसर कापसाबरोबर जिवंत ठेवा, बारीक माश्या द्या. थोड्या दिवसांत तो स्वतःच ओळख दाखवेल.

नवी आहे का?

घाई इथे सर्वांत महागात पडते. यादीत सापडत नाही म्हणजे नवी, असं नसतं. शेजारच्या बेटावरून तिचं वर्णन शंभर वर्षांपूर्वी झालेलं असू शकतं. नराचं एका नावाने आणि मादीचं दुसऱ्याच नावाने वर्णन झालं, असंही कोळ्यांत वारंवार घडलेलं आहे. म्हणून त्या प्रजातीतल्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) सगळ्या जातींची मूळ वर्णनं वाचा, चित्रं शेजारी ठेवा आणि जिथे शंका उरते तिथे संग्रहालयातला मूळ नमुना, म्हणजे पहिलं वर्णन ज्यावरून झालं तोच कोळी, बघा. त्याच्यावरच नाव टेकलेलं असतं.

डीएनएसाठी सहसा सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. पिल्लू आणि प्रौढ, नर आणि मादी एकाच जातीचे आहेत का, हे त्यातून छान कळतं. पण बेटांवर नुकत्याच फुटलेल्या जातींत हा तुकडा जवळपास सारखाच असू शकतो, आणि एकाच जातीच्या दोन दऱ्यांतल्या समूहांत बराच वेगळाही. डीएनए आणि अंगरचना एकमेकांना दुजोरा देत असतील तेव्हाच मी नवी जाती मानतो.

याच वेळी सुरुवातीचा प्रश्न पुन्हा हातात घ्या. तुमची वही उघडा. जीव फक्त धक्क्याजवळ, घरांत आणि बागांत सापडला, रानात नाही? मग तो बहुधा माणसाबरोबर आलेला. उंचावरच्या मूळ रानातच सापडला आणि त्याचे नातेवाईक वारा जिकडून येतो त्या बाजूच्या भूमीवर आहेत? मग तो स्वतः आलेला, कदाचित इथेच बदललेला. यादीत प्रत्येक नावापुढे "फक्त इथलीच", "मूळची, पण इतरत्रही" किंवा "आणलेली" असं लिहा आणि कशावरून ठरवलं तेही लिहा. नुसत्या नावांच्या यादीपेक्षा हा एक रकाना बेटाची राखण करणाऱ्यांना जास्त उपयोगी पडतो.

कोळी कमी-जास्त असण्याचाही याच्याशी संबंध असतो. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर बाहेरून आलेल्या तपकिरी झाडसापाने रानातले पक्षी जवळजवळ संपवले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, पावसाळ्यात तिथे शेजारच्या बेटांच्या ४० पट कोळी आढळले. जाळ्यांनी भरलेलं रान दिसलं की आपल्याला आनंद होतो. तिथे पक्षी ऐकू येतायत का, हेही वहीत लिहा.

नाव देणं आणि नमुना ठेवणं

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात १ जानेवारी १७५८ पासून धरतात. त्याला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो कोळ्यांचाच: कार्ल क्लेर्कने १७५७ मध्ये स्वीडनच्या कोळ्यांना दिलेली नावं वैध मानली जातात. आजच्या नव्या नावासाठी प्रकाशित वर्णन, जवळच्या जातींपासूनचा फरक, एक नेमून दिलेला मूळ नमुना आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवला त्याची नोंद, एवढं लागतं. लेख फक्त इंटरनेटवर प्रसिद्ध होणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी करावी लागते. हा नियम २०१२ पासूनचा आहे. पहिलं वर्णन अनुभवी अभ्यासकाबरोबर लिहा. नाव निवडताना बेटावरच्या लोकांना विचारा. त्या जिवाला त्यांच्या भाषेत आधीच नाव असेल, तर त्यांच्या परवानगीने तेच वापरण्याइतकं चांगलं काही नाही. नमुन्यांतला काही वाटा आणि पूर्ण यादी त्या देशाच्या संग्रहालयात परत जायला हवी.

हे नमुने किती काळ बोलतात, त्याचं एक उदाहरण. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड होव बेटावर हाताच्या तळव्याएवढा, पंख नसलेला काडीकिडा राहत असे. १९१८ मध्ये एक जहाज तिथे अडकलं, त्यातून काळे उंदीर उतरले आणि काही वर्षांत तो किडा दिसेनासा झाला. २००१ मध्ये सुमारे २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या उंच सुळक्यावर असे काडीकिडे जिवंत सापडले. पण ते जरा वेगळे दिसत होते, त्यामुळे हाच तो का, अशी शंका वर्षानुवर्षं राहिली. २०१७ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या, वाळलेल्या नमुन्यांच्या डीएनएशी ताडून बघितलं तेव्हा कळलं: तोच. ज्यांनी ते नमुने टाचून ठेवले, त्यांच्या काळी डीएनए हा शब्दही नव्हता. त्यांनी किडा नीट वाळवला आणि तो कुठला ते चिठ्ठीवर लिहिलं, एवढंच.

तुमच्याकडे राहिलेल्या कुप्या अंधारात, थंड जागी ठेवा. वर्षातून एकदा सगळ्या काढून बघा, कारण झाकण कितीही घट्ट असलं तरी अल्कोहोल उडतं. पातळी उतरली असेल तर भरा, झाकणाची चकती कडक झाली असेल तर बदला, आणि आतली चिठ्ठी काचेतून वाचता येते का ते तपासा.